कच्चा केक आणि पक्का खोका

मी केक विकत नाही, केकचं गोठवलेलं मिश्रण विकते. आमच्या धंद्यात सगळे त्याला बॅटरच म्हणतात. कागदी साच्यांत भरलेलं, गोठवलेलं, साच्यासकट थेट ओव्हनमध्ये सरकवायचं. पुण्यातून ते वाई, पाचगणी, महाबळेश्वरच्या कॅफेंना जातं. तिथे सकाळी भाजतात, मावा केकचा वास रस्त्यापर्यंत जातो आणि दारावरच्या पाटीवर 'ताजे, इथेच भाजलेले' असं लिहिलेलं असतं. ते खोटंही नसतं. आमच्या सासूबाईंना हा धंदा अजून पटलेला नाही. "लोकांकडून पैसे घ्यायचे आणि भाजायचं कामही त्यांच्याच गळ्यात मारायचं," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात.

मला वाटायचं, मी बेकर आहे. प्रत्यक्षात माझा निम्म्याहून अधिक दिवस खोके, पिशव्या, झाकणं आणि चिकटपट्टी यांतच जातो. त्यातून जे हाती लागलं ते खाली लिहिलंय. तुम्ही लोणची पाठवत असाल, किंवा होस्टेलवरच्या पोरीला पुरणपोळ्या, तर तुमची यादी निराळी होईल.

१. पॅकिंग पातेल्यातच सुरू होतं, हे मला सगळ्यात उशिरा पटलं. सुरुवातीला माझं सगळं लक्ष बाहेरच्या डब्यावर असायचं. पण सोडा आणि दही एकत्र आले की फसफस तिथल्या तिथेच होते. तो वायू ओव्हनची वाट बघत बसत नाही. घरी केक करताना हे चालून जातं, कारण शेजारी ओव्हन तापलेला असतो. माझं बॅटर मात्र कधीतरी दोन-तीन आठवड्यांनी घाटावर भाजलं जाणार. मग बेकिंग पावडरच्या डब्यावरची बारीक अक्षरं वाचायची वेळ आली. काही आम्लं ओलावा मिळताच कामाला लागतात. काही, उदाहरणार्थ सोडियम ॲसिड पायरोफॉस्फेट, उष्णता लागेपर्यंत बरीचशी गप्प राहतात. मला हवं होतं ते हे दुसरं. मोठ्या कारखान्यांत तर सोड्याच्या कणांवर तुपासारख्या घट्ट स्निग्धाचा थर चढवतात. ओव्हनमध्ये तो वितळला की मगच सोडा बाहेर येतो. म्हणजे सोड्याच्या कणालासुद्धा स्वतःचं पॅकिंग! मी आपली डब्यांचे रंग निवडत बसले होते.

आणि गोठलं म्हणजे सगळं जागच्या जागी थांबलं, असंही नसतं. उणे १८ अंशांना गोड बॅटर दगड होत नाही. नखाने दाबलं तर किंचित दबतं. साखरेमुळे त्यातलं थोडं पाणी न गोठता तसंच राहतं आणि त्या पाण्यात हळूहळू का होईना, घडामोडी चालूच असतात. थंडीने घड्याळ संथ होतं, एवढंच.

२. फ्रीजरचा काटा एक सांगतो आणि डब्याचा मधला भाग दुसरंच. मोठ्या बेकऱ्यांत बॅटर बादलीने मिळतं, डावाने काढून साच्यात घालायचं. मलाही ते सोयीचं वाटलं होतं. पाच किलोचा डबा रात्री ठेवला, सकाळी वरून टणक. मध्ये टोकदार थर्मामीटर खुपसला तर तो पार सुळकन तळापर्यंत गेला. जाडी दुप्पट केली की गोठायला लागणारा वेळ दुपटीपेक्षा कितीतरी वाढतो. आणि सावकाश गोठताना बर्फाचे स्फटिक मोठे होतात. मग वितळल्यावर पाणी वेगळं, लोणी वेगळं, सगळं मिश्रण फाटल्यासारखं दिसतं. हा शोध माझा नाही, याचं मला जरा वाईट वाटतं. क्लॅरेन्स बर्ड्‌सआय नावाच्या अमेरिकन माणसाने कॅनडातल्या लॅब्राडोरच्या थंडीत मासा पकडल्या पकडल्या गोठताना पाहिला, आणि १९२०च्या दशकात चपटी खोकी गार धातूच्या पत्र्यांमध्ये दाबून गोठवायचं यंत्र केलं. १९३० साली मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड गावात त्याचा गोठवलेला माल दुकानांत आला. माल आधी खोक्यात आणि मग खोक्यासकट यंत्रात, हा त्यातला खरा चमत्कार. हे कळल्यापासून माझ्याकडे बादली बंद. मफिनचे साचे एका थरात, आणि लोफचं बॅटर हातभर लांब पण दोन बोटं जाड पिशवीत.

३. खोका थंडी देत नाही, उशीर देतो. थर्माकोलमध्ये जवळजवळ ९८ टक्के हवाच असते. ती बारीक बारीक कप्प्यांत अडकलेली असल्यामुळे उष्णतेला पलीकडे जायला वेळ लागतो, इतकंच त्याचं कर्तृत्व. खोका म्हणजे गोधडी. आत जे असेल ते तसं ठेवणार. गरम तर गरम. मऊ पडलेलं बॅटर खोक्यात ठेवून 'आता गार होईल' असं म्हणणारी माणसं मला अजून भेटतात, आणि त्यांना हसायचा अधिकार मला नाही, कारण फार पूर्वी आमच्याच घरी रात्रीचं आइस्क्रीम वाचवायला मी हाच उपाय सुचवला होता.

उशीर मात्र केवढा मिळू शकतो! १८३३ साली बॉस्टनहून फ्रेडरिक ट्यूडरचं जहाज तळ्यातला बर्फ घेऊन कलकत्त्याला निघालं. सुमारे १८० टन भरला होता. चार महिन्यांनी, विषुववृत्त दोनदा ओलांडून, शंभरेक टन उतरला. वीज नाही, यंत्र नाही; लाकडाच्या दुहेरी भिंती आणि त्यांच्यामध्ये भरलेला सालीचा भुगा. त्या जहाजाचं गुपित भुग्याइतकंच ढिगाच्या आकारात होतं. ढीग जितका मोठा आणि सलग, तितका तो स्वतःलाच सांभाळतो. माझा अर्धा रिकामा खोका सातारा रोडवरच मान टाकतो, आणि तोच खोका खच्चून भरलेला असला की पाचगणीला ताठ पोचतो. मागणी कमी असेल त्या दिवशी मी मोकळ्या जागेत चुरगळलेला कागद कोंबते. झाकणाच्या चारही बाजूंनी पट्टी, कोपऱ्यांवर दुहेरी. गळती नेहमी कोपऱ्यातून होते.

४. जेल पॅकने माझी बरीच वर्षं दिशाभूल केली. औषधांबरोबर येतात ते निळे, लिबलिबीत पॅक. गोठले की टणक होतात, दिसायला थेट व्यावसायिक. पण आत मुख्यतः पाणीच असतं आणि पाणी वितळतं शून्याला. शून्याच्या थोडं वर ठेवायचं असेल, म्हणजे दूध, फुलं, इन्सुलिन, तर त्याच्यासारखा सोबती नाही. एक किलो बर्फ वितळायला जेवढी उष्णता लागते तेवढ्यात तेच पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापलं असतं. इतका तो सोसतो. माझ्या बॅटरला मात्र शून्य म्हणजे उन्हाळा. साखरेमुळे ते उणे पाच-सहाच्या आसपासच ढिलं पडायला लागतं. म्हणजे जेल पॅक इमानाने काम करतोय, कडक आहे, हाताला गार लागतोय, आणि शेजारी बॅटरचं सरबत होतंय.

उत्तर आजोळच्या अंगणात होतं. उन्हाळ्यातलं पॉट आइस्क्रीम आठवा: लाकडी बादली, मध्ये पत्र्याचा डबा, भोवती फोडलेला बर्फ आणि त्यावर मुठीमुठीने जाडं मीठ. आम्हा मुलांना वाटायचं, मीठ बर्फ टिकावा म्हणून घालतात. खरं तर ते बर्फ वितळावा म्हणून घालतात. खारट पाण्याला गोठायला जास्त थंडी लागते, म्हणून बर्फ वितळत जातो, आणि वितळायला लागणारी उष्णता तो स्वतःतून आणि डब्यातल्या दुधातून ओढून घेतो. त्यामुळे बादलीतलं पाणी शून्याच्या पुष्कळ खाली उतरतं. मिठाचं प्रमाण वजनाने २३ टक्क्यांच्या आसपास असेल तर हा तळ उणे २१ अंशांवर असतो. आइस्क्रीमच्या गाड्यांत भिंतीला लावलेल्या गोठवलेल्या पाट्यांमागे हेच शास्त्र आहे, मीठ वेगळं असलं तरी.

मी लगेच मिठाचं पाणी करून बाटल्यांत भरलं आणि घरच्या फ्रीजरमध्ये लावलं. दुसऱ्या दिवशी पाणीच. तिसऱ्या दिवशीही पाणीच. माझा फ्रीजर उणे १८ चा. उणे २१ ला गोठणारं पाणी त्यात कसं गोठणार? ज्या गुणासाठी ते निवडलं, तोच गुण मला नडत होता. शेवटी उणे २५ पर्यंत जाणारा चेस्ट फ्रीजर घ्यावा लागला. आता बाटल्या दोन दिवस आधी आत जातात, थोड्या रिकाम्या ठेवून, नाहीतर बूड फुगतं आणि बाटली उभी राहत नाही. खोक्यात त्या तळाला नव्हे, वर ठेवते. गार हवा जड, ती खाली उतरते.

कोरड्या बर्फाबद्दल नेहमी विचारतात. उणे ७८ अंश, पाणी होत नाही, थेट वायू होतो, फार रुबाबदार. पण एका किलोचा पाचशे लिटरहून जास्त वायू होतो. खोका हवाबंद केलात तर झाकण उडेल, आणि गाडीच्या काचा बंद ठेवल्यात तर ड्रायव्हर गुदमरेल. मुंबईपलीकडच्या मोठ्या मागणीलाच मी तो वापरते, झाकणाला फट ठेवून, आणि ड्रायव्हरला बजावून.

५. प्लॅस्टिकलाही थंडी वाजते. रविवार पेठेतल्या बोहरी आळीतून माझे डबे येतात. पहिल्यांदा मी हॉटेलं पार्सलला देतात ते पारदर्शक डबे घेतले, कारण ते गरम आमटी सोसतात. थंडी काय चीज. फ्रीजरमधून काढून ओट्यावर जरा जोरात ठेवला की कट्‌ असा आवाज आणि झाकणाला केसाएवढी चीर. दुकानदाराने डबा उलटा करून खालचा त्रिकोण दाखवला. त्यात ५ आकडा होता. "हे पीपी आहे ताई. गरमला राजा, फ्रीजमध्ये पापड. तुम्हाला चार नंबर पाहिजे." साधं पॉलिप्रॉपिलीन शून्याच्या आसपासच ठिसूळ व्हायला लागतं. ४ नंबरचं एलडीपीई उणे पन्नासलाही मऊ राहतं. आइस्क्रीमचे काही डबे ५ नंबरचेच असतात, पण त्यात फाटू नये म्हणून आणखी काहीतरी मिसळलेलं असतं, हेही त्यानेच सांगितलं. मी अन्नतंत्रज्ञानाचे जाडजूड ग्रंथ चाळत होते आणि तो गल्ल्यावर बसून दुसऱ्या गिऱ्हाइकाला रबरबँड मोजून देत होता.

६. एलडीपीई ओलावा अडवतं, वास अडवत नाही. एका कॅफेच्या फ्रीजरमध्ये खाली सुरमई असायची. त्यांच्या व्हॅनिला मफिनबद्दल फोन आला तेव्हा मी इसेन्सच्या बाटलीवर संशय घेत बसले होते. लोणी शेजारचा वास ओढून घेतं हे स्वयंपाकघरात कुणालाही सांगावं लागत नाही. ते गोठल्यावरही ओढतं, हे मला सांगावं लागलं. आता मावा आणि व्हॅनिलाला बाहेरून आणखी एक पिशवी असते, नायलॉनचा थर असलेली.

७. जागा सोडायची, पण हवा सोडायची नाही. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, म्हणून काठोकाठ भरलं की झाकण उचकटतं. जागा सोडली तर त्या जागेत हवा, आणि हवेत बॅटरच्याच पृष्ठभागावरचं पाणी उडून झाकणाला पांढऱ्या हिमासारखं बसतं. वरचा थर सुकून फिका, चामट होतो. घरच्या फ्रीजमध्ये हे जास्त होतं, कारण आपोआप बर्फ काढणारा फ्रीज अधूनमधून स्वतःला थोडा ऊबदार करून घेतो. उपाय साधा निघाला: पातळ कागद किंवा फिल्म थेट बॅटरच्या अंगाला चिकटवायची, कस्टर्डवर साय धरू नये म्हणून लावतात तशीच, आणि मोकळी जागा फिल्मच्या वर ठेवायची.

८. पसरणीचा घाट चढताना पिशव्या फुगतात. महाबळेश्वर साडेचार हजार फुटांवर, पुणं दोन हजारांच्याही खाली. वर हवेचा दाब कमी. वेफर्सचं पाकीट घाटात टम्म होतं हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं असतं, पण स्वतःच्या मालाच्या बाबतीत ते सुचत नाही. आता घाटावरच्या पिशव्या बंद करण्याआधी हवा पार दाबून काढते. वर केकही जास्त फुगतो आणि मग मध्ये बसतो, म्हणून महाबळेश्वरच्या बॅटरमध्ये बेकिंग पावडर थोडी कमी, आणि त्या खोक्यावर हिरवी पट्टी.

९. लेबल लिहिणाऱ्यासाठी नसतं, वाचणाऱ्यासाठी असतं, आणि वाचणारा घाईत असतो. कायद्याने लागतं ते सगळं मी लिहिते: घटक, वजन, तारखा, बॅच, १४ आकडी एफएसएसएआय क्रमांक. अंडं असेल तर तपकिरी त्रिकोण, नसेल तर हिरवा ठिपका. इथे अंड्याला शाकाहारी म्हणायची सोय नाही, कुणी कितीही वाद घातला तरी. पण कॅफेतला मुलगा सकाळी सातला ओल्या हाताने खोका उघडतो तेव्हा त्याला तीनच गोष्टी हव्या असतात: किती तापमान, किती मिनिटं, आणि आधी वितळवायचं की नाही. त्या मोठ्या अक्षरांत, मराठीत आणि हिंदीत. खाली लाल अक्षरांत: कच्चं आहे, चाटू नका. अंडं नसलं तरी नाही, कारण कच्च्या मैद्यातही जंतू असू शकतात. ही ओळ मुलांसाठी लिहिली होती. ती जास्त करून मालकांना लागू पडते.

आणि स्टिकर गोठवण्याआधी, कोरड्या पिशवीवर लावायचा. हिम चढल्यावर लावलेला स्टिकर गळून पडतो, मग फ्रीजरच्या तळाशी सगळी ओळखपत्रं गोळा झालेली सापडतात आणि वर अनोळखी पिशव्या.

१०. माल रस्त्यावर बिघडत नाही, दारात बिघडतो. हे सगळ्यात अनपेक्षित होतं. काही तक्रारींनंतर मी खोक्यात तापमान नोंदवणारं छोटं यंत्र ठेवलं, काडेपेटीएवढं. माझी खात्री होती की दोष खासगी बसच्या डिकीचा, इंजिनाजवळच्या उष्णतेचा, एप्रिलचा, घाटातल्या रांगेचा. आलेखावर पुणे ते वाई रेघ जवळजवळ आडवी. खंबाटकीतही आडवीच. मग शेवटी एकदम टेकडी. ती टेकडी म्हणजे कॅफेचं मागचं दार. खोका उघडलाय, फ्रीजर भरलेला आहे, जागा करायला कुणीतरी मटारच्या पिशव्या बाहेर काढतोय, मालक बिल शोधतोय, आणि साचे ओट्यावर उन्हात. माझे सगळे बाटली-कागद-मीठ प्रयोग त्या अर्ध्या तासात संपायचे.

त्यात कुणाची हयगय म्हणावी असंही नव्हतं. मी वीस साचे एका खोक्यात पाठवत होते, आणि खोका एकदा उघडला की वीसही उघडे. आता आत पाचपाचच्या चपट्या पिशव्या असतात. हवी ती काढा, बाकी झाकण लावून राहू द्या. या एका बदलाने जेवढा फरक पडला तेवढा महागड्या फ्रीजरने पडला नाही, हे मी नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही.

११. वीज गेली होती की नाही, हे कुणी सांगत नाही. कारण बहुधा त्यांनाही ठाऊक नसतं. आपल्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाणं हे वाराइतकंच नेमाचं. दुपारी गेली, संध्याकाळी आली, रात्री सगळं परत टणक. बाहेरून कळायला मार्ग नाही, केक मात्र बसका होतो. म्हणून प्रत्येक कॅफेच्या फ्रीजरमध्ये मी रंगीत पाण्याची एक छोटी बाटली ठेवते: तिरकी ठेवून गोठवलेली, मग उभी केलेली. आतली रेघ तिरकी आहे तोवर ठीक. सपाट झाली की मध्ये वितळून पुन्हा गोठलं. ही खूण ढोबळ आहे. पाणी शून्याला वितळतं आणि बॅटर त्याआधीच ढिलं पडतं. पण भांडण टाळायला पुरते.

१२. खोका परत मागायला लाज वाटते. चार-पाचशे रुपयांचा जाड थर्माकोल, नीट सांभाळला तर कितीतरी फेऱ्या करतो. नाही सांभाळला तर तो कुजत नाही, जाळला तर काळा धूर, आणि तुकडे झाले की वेण्णा नदीच्या काठावर वर्षानुवर्षं तेच तुकडे. तरी गिऱ्हाइकाला फोन करून 'आमचा खोका' म्हणताना जीभ अडखळते. कुणी त्यात स्ट्रॉबेरी ठेवतं, कुणी कोथिंबीर, एकाकडे मांजरीने पिल्लं घातली होती आणि तो खोका मी अर्थातच सोडून दिला. बाकीचे मी आता निर्लज्जपणे मागते, बिलावर अनामत लावते, आणि जे धुऊन देतात त्यांना पुढच्या खेपेला दोन साचे जास्त.

तुमच्याकडेही केक, औषधं, मासे, आइस्क्रीम असं काही ना काही अशा खोक्यातून येत असेल. तो फोडून कचऱ्यात टाकण्याआधी पाठवणाऱ्याला एक फोन करा. बहुतेक जण नेतात. झाकणासकट द्या, झाकणाशिवाय तो काहीच कामाचा नाही.